नवऱ्याची दारू सुटली, सासूबाईंचं इन्सुलिनही सुटलं

पत्राचा सारांश : वास्कोत राहणाऱ्या या वाचक भगिनी मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या आहेत, सासर मूळचं मिरजेकडचं. नवरा बंदरात कामाला, दोन शाळकरी मुलं आणि मधुमेह असलेल्या सासूबाई असं घर. नवऱ्याला अनेक वर्षं दारूचं व्यसन होतं. दीडएक वर्षापूर्वी एका सहकाऱ्याने त्याला महामार्गालगतच्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या आरोग्यदानाच्या सभेला नेलं. तिथल्या पास्टरांनी व्यासपीठावरून त्याच्या वडिलांचं नाव घेतलं, घरातलं दुःख सांगितलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तेव्हापासून त्याने दारूला हात लावलेला नाही. आता सगळं घर तिथेच जातं. "रिपोर्टवर नको, वचनावर विश्वास ठेवा," असं पास्टर शिकवतात. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंनी इन्सुलिन बंद केलं आणि व्यासपीठावर तशी साक्ष दिली. हॉलभर टाळ्या झाल्या. नवऱ्याने 'पेरणी' म्हणून, म्हणजे आज दिलं की देव अनेक पटींनी परत देईल या शिकवणीवर, मोठी रक्कम दिली, त्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. जुन्या मंडळीतल्या, म्हणजे आधीच्या चर्चमधल्या पाळकांशी यातलं काही बोलायचं नाही अशी ताकीद आहे. एक कुटुंब सभा सोडून गेलं आणि त्यांना अपघात झाला, हे तिथे वरचेवर सांगितलं जातं. इकडे शेजारीपाजारी 'हे बिलिव्हर झाले', म्हणजे अशा नव्या सभांच्या पंथात गेले, म्हणून तोंड फिरवतात. त्या विचारतात : "मी शंका काढली की 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन ऐकवतात. ज्या माणसाच्या प्रार्थनेने माझा संसार वाचला तो खोटा कसा असेल? आणि तो खरा असेल तर माझ्या मनाला शांती का नाही? तुम्हीच सांगा, हे सेवक खरे की खोटे?"

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी सासूबाईंविषयी बोलू या, कारण ती गोष्ट थांबू शकत नाही. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. चिखलीचं सरकारी रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, नाहीतर नेहमीचे डॉक्टर. 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती एचबीए१सी तपासणी करून घ्या. जुना डोस घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका, तो डॉक्टरच ठरवतील. मधल्या काळात त्यांना खूप तहान लागली, सारखं लघवीला जावं लागलं, उलट्या झाल्या, श्वास जोरात चालू लागला किंवा गुंगी येऊ लागली, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता १०८ला फोन करा.

त्या नाही म्हणतील. त्यांना वाटेल की तपासणी म्हणजे अविश्वास. तेव्हा लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय त्यांच्यासोबत बसून वाचा. दहा कुष्ठरोग्यांनी हाक मारली तेव्हा येशूने त्यांना सांगितलं की जाऊन याजकांना दाखवा. मोशेच्या नियमशास्त्रात कुष्ठ गेलं की नाही हे तपासण्याचं काम याजकाचं होतं, आणि प्रभूने स्वतः ती तपासणी टाळली नाही, तिकडे धाडलं. हिज्कीया राजाचंही तसंच. त्याला आयुष्याची १५ वर्षं वाढवून मिळतील असं देवाचं वचन मिळालं होतं, तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. वचन आणि लेप एकाच खोलीत होते. सासूबाईंना म्हणा, "देवाने बरं केलं असेल तर रिपोर्टात दिसेल, आपण आभार मानू. दिसलं नाही तर औषध घेत प्रार्थना करू." यात त्यांच्या विश्वासाचा अपमान नाही. मिरजेच्या माणसांना तर हे नवीनही नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छपराखाली चालत आल्या. मराठी ख्रिस्ती माणसाची परंपरा ती आहे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही माझ्याकडे निकाल मागता आहात, आणि तो मिळेपर्यंत तुम्ही काहीच करू शकत नाही असं तुम्हाला वाटतं आहे. ताई, हे गृहीत मला पटत नाही. त्या माणसाच्या अंतःकरणात काय आहे हे वास्कोत बसून तुम्हाला कळणार नाही आणि एका पत्रावरून मलाही कळणार नाही. ते प्रभूचं काम. पण तो काय शिकवतो, पैशाचं काय करतो, आजाऱ्यांचं काय होतं, प्रश्न विचारणाऱ्यांशी कसा वागतो, हे सगळं उघड्यावर आहे आणि ते पारखण्याची आज्ञाच आपल्याला आहे. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं ते दोन्ही बाजूंनी धरा : आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगलं ते धरून राहा. बिरुयातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं. त्याबद्दल लूक त्यांना दोष देत नाही, थोर मनाचे म्हणतो. पौलाला पडताळणं चालत होतं, मग तुमच्या पास्टरांना का चालू नये?

तुमच्या पत्रातली खरी गाठ वेगळीच आहे. नवऱ्याची दारू सुटली हे पास्टरांच्या खरेपणाचं प्रमाणपत्र आहे असं तुम्ही धरून चालला आहात. आणि त्याची उलट बाजू तुम्हाला त्याहून घाबरवते : पास्टर खोटे निघाले तर नवऱ्याची सुटकाही खोटी ठरेल, आणि तो पुन्हा प्यायला लागेल. म्हणून तुमचं मन शंकेच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरतं. मला ही भीती कळते. दारुड्याच्या घरात राहिलेल्या बाईला ती का वाटते हे सांगावं लागत नाही.

पण गणनाच्या पुस्तकातला बलाम आठवा. मवाबाच्या राजाने इस्राएलला शाप द्यायला त्याला बोलावलं, आणि त्याच्या तोंडून निघाले ते आशीर्वाद. शब्द खरे होते, देवाचे होते. तरीही पेत्राच्या दुसऱ्या पत्रात हाच बलाम अनीतीच्या मजुरीवर प्रेम करणारा म्हणून उभा आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर मोशे सरळ सांगतो की एखाद्याने दाखवलेलं चिन्ह खरं ठरलं तरी तेवढ्यावर त्याच्यामागे जाऊ नका. मनीऑर्डर घरी पोचली म्हणून ती आणणाऱ्या पोस्टमनचा सगळा कारभार चोख आहे असं ठरत नाही, आणि उद्या पोस्टमन लबाड निघाला म्हणून हातात आलेले पैसेही खोटे होत नाहीत. तुमच्या नवऱ्याची सुटका देवाने केली. ती त्याची आहे, तुमची आहे. पास्टर कसेही निघाले तरी ती परत करावी लागणार नाही.

'फळांवरून ओळखा' हे वचन तुम्ही पत्रात लिहिलं आहे. मत्तयाचा सातवा अध्याय आणखी काही ओळी पुढे वाचा. तिथे प्रभू म्हणतो की त्या दिवशी पुष्कळ जण येऊन सांगतील, तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला, भुतं काढली, अद्भुतं केली, आणि तो म्हणेल की माझी तुमची कधी ओळखच नव्हती. म्हणजे ज्या गोष्टींना आपण फळ म्हणून मोजतो, त्याच गोष्टी ते लोक पुढे करतात आणि त्या पुरत नाहीत. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ दिलं आहे : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. त्यात चमत्कार नाही. ही फळं व्यासपीठावर दिसत नाहीत. हॉल रिकामा झाल्यावर, खुर्च्या उचलणाऱ्या पोरांशी पास्टर कसे बोलतात, बरी न झालेल्या बाईला पुढच्या आठवड्यात कोण भेटायला जातं, तिथे दिसतात.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. एखादी सेवा वादग्रस्त आहे, तिथे आरडाओरडा होतो, लोक रडतात, पडतात, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. १९०५ सालापासून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती झाली तेव्हा मुली धाय मोकलून रडत, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, अन्य भाषांत बोलत. टीका पुष्कळ झाली, ख्रिस्ती लोकांकडूनही. पण त्याच मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा शिकत होत्या, छापखाना चालवत होत्या, आंधळ्या बायकांना वाचायला शिकवलं जात होतं, आणि रमाबाई १९२२मध्ये वारल्या तोवर बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ज्यांच्यासाठी सेवा उभी राहिली त्या बायका पुढे गेल्या. तेव्हा शेजाऱ्यांचं 'बिलिव्हर' हे नाव ठेवणं तुम्ही मनावर घेऊ नका. आपल्या गोव्यात हा शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि त्याने पारख होत नाही, फक्त घरं तुटतात.

वडिलांचं नाव व्यासपीठावरून घेतलं गेलं, याचं तुमच्या नवऱ्याला फार अप्रूप आहे. तसं होऊ शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण १९८६मध्ये अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचे प्रसिद्ध प्रचारक असेच अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार सांगत. जादूगार जेम्स रँडी यांनी त्यांच्या सभेत रेडिओ लहरी पकडल्या, तर पोपॉफ यांच्या कानातल्या यंत्रात त्यांची पत्नी ती माहिती वाचून दाखवत होती. सभेआधी लोकांनीच ती प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवर लिहून दिलेली किंवा बोलता बोलता सांगितलेली होती. तुमच्याकडे तसंच झालं असा आरोप मी करत नाही. नवऱ्याला एवढंच शांतपणे विचारा : त्या दिवशी दारात नाव-पत्त्याचा फॉर्म भरला होता का? ज्या सहकाऱ्याने नेलं त्याने आधी कोणाला काही सांगितलं होतं का? उत्तर काहीही आलं तरी त्यावर भांडू नका.

आता त्या तीन गोष्टी, ज्यांच्यामुळे तुमच्या मनाला शांती नाही. माझ्या मते तुमची अस्वस्थता बरोबर आहे.

पहिली इन्सुलिनची. पास्टरांना विचारलंत तर ते बहुधा म्हणतील की मी औषध बंद करायला कधीच सांगितलं नाही. शब्दशः ते खरंही असेल. पण सासूबाईंनी इन्सुलिन टाकलं म्हणून सांगितल्यावर त्यांनी माइक हातात घेऊन "बहिणी, आधी डॉक्टरांना दाखव" असं म्हटलं का? टाळ्या वाजू दिल्या. समोर बसलेल्या प्रत्येक आजाऱ्याला तेवढ्यातून जे शिकायचं ते शिकायला मिळालं. ज्या गोष्टीचं सभेत कौतुक होतं, तीच त्या सभेची शिकवण, मग प्रवचनात काहीही असो. पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवलं. त्याचा विश्वास कमी पडला असं तो कुठेही लिहीत नाही. आणि पौलाच्याच सोबत 'प्रिय वैद्य' लूक होता.

दुसरी पैशाची. 'पेरणी'च्या शिकवणीसाठी मलाखीचा तिसरा अध्याय हमखास वाचला जातो. त्यातला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंदिराच्या भांडारात जायचा, आणि अनुवादाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी राखला जायचा. बायकोच्या बांगड्या गहाण टाकून एखाद्या सेवकाला द्या म्हणजे देव दामदुपटीने परत करील, असं तिथे काही नाही. पौलाने गोळा केलेला निधी यरुशलेमच्या गरिबांसाठी होता, आणि तो नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं त्याने बरोबर घेतली. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात हे स्पष्ट लिहिलं आहे. पुढच्याच अध्यायात 'दुःखाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नका' असं तो सांगतो. 'दिदाखे' हे अगदी सुरुवातीच्या मंडळीतलं छोटं मार्गदर्शन १८७३मध्ये जुन्या हस्तलिखितात सापडलं. फिरत्या संदेष्ट्यांना कसं ओळखायचं हे त्यात आहे : आत्म्याने बोलतो असं म्हणून जो स्वतःसाठी पैसे मागेल त्याचं ऐकू नका, दुसऱ्या गरजूंसाठी मागेल तर त्याला दोष देऊ नका. म्हणजे ही पंचाईत आजची नाही. तुम्ही नवऱ्याशी एक साधा करार करा. बांगड्या सुटेपर्यंत नवीन पेरणी नाही, जे द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, आणि आजवर दिलेल्याची पावती मागायची. संस्था नोंदलेली आहे का, हिशेब कोण तपासतं, हे विचारणं हा देणाऱ्याचा हक्क आहे. प्रामाणिक सेवकाला त्याचा राग येत नाही.

तिसरी गोष्ट ताकीद. जुन्या पाळकांशी बोलू नका, ही मला या सगळ्यात जास्त सलते. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरांचे ज्येष्ठ सोबती आणि येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आत्म्यांची पारख करण्याचे नियम लिहून ठेवले आहेत. त्यात ते सांगतात की सैतानाला आपलं काम गुपचूप राहायला हवं असतं, आणि अनुभवी माणसाजवळ मन मोकळं केलं की त्याचा डाव उघडा पडतो. आपण कॅथलिक नसलो तरी हे शहाणपण आपलंसं करण्यासारखं आहे. तुमच्या पाळकांना भेटा. ताकीद मोडल्याचं पाप तुम्हाला लागत नाही.

'अभिषिक्तांना हात लावू नका' या वचनाचंही तेच. ते १०५व्या स्तोत्रातलं आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर परदेशी म्हणून भटकत होते तेव्हा देवाने त्यांच्यासाठी राजांना दम दिला, असा तो संदर्भ. तिथे दुबळ्यांचं बलवानांपासून रक्षण आहे. आज ते व्यासपीठावरचा माणूस तुमच्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्या बाईला ऐकवतो, तेव्हा वचन उलटं फिरवलं जातं. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर चुकीचं ठरवलं. अभिषेक दोघांचाही होता.

नुसती शिकवण शुद्ध आहे यावरही विसंबू नका. जगभर फिरणारे ख्रिस्ती प्रवचनकार रवी झकरायस यांची प्रवचनं आपल्याकडेही घराघरांत ऐकली गेली, त्यांच्या मांडणीत खोट काढणं अवघड होतं. मे २०२०मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या फर्मचा अहवाल आला. त्यात अनेक महिलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं नोंदलेलं आहे. त्याआधी एका महिलेने तक्रार केली होती, तेव्हा संस्थेने तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. म्हणून मी प्रत्येक मंडळीत, अगदी आपल्या जुन्या मंडळीतसुद्धा, हे बघते की पाळकाला कोण थांबवू शकतं. 'देवच' असं उत्तर आलं की मला काळजी वाटते.

तर करायचं काय? नवऱ्यासमोर 'तो भोंदू आहे' हे वाक्य उच्चारू नका. त्याला ते 'तुझी सुटका भोंदू आहे' असं ऐकू येईल. त्याला म्हणा की तू प्यायचं सोडलंस हे देवाचं मोठं काम आहे, आणि ते एका माणसावर अवलंबून राहू नये अशी माझी इच्छा आहे. त्याचा निर्धार टिकायचा तर त्याला त्या हॉलबाहेरही आधार हवा. गोव्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या बैठका होतात, तिथे फी नसते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. तुमच्या जुन्या पाळकांनाही सांगा की या माणसाला परत आणण्याची घाई करू नका, त्याच्याशी मैत्री करा. तो प्यायचा त्या वर्षांत मंडळीतून त्याला भेटायला कोण आलं होतं, हा प्रश्न मी त्या पाळकांनाही विचारीन. आपल्या उपासना वेळेवर सुरू होतात, वेळेवर संपतात, आणि बाहेर कोणी रडत उभं असेल तर ते आपल्याला दिसत नाही. माणसं अशा हॉलकडे का वळतात याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

मग, नवरा तयार असेल तर, दोघं मिळून पास्टरांना भेटा. सोबत दोघांना मान्य असलेलं एखादं वडीलधारं माणूस घ्या. दोनच गोष्टी मागा : आईच्या औषधाबद्दल तुम्ही स्वतः व्यासपीठावरून सांगावं की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणी औषध थांबवू नये, आणि हिशेब दाखवावा. अपुल्लोस मोठा वक्ता होता, पण प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्याने ऐकून घेतलं. तुमच्या पास्टरांनी तसं ऐकलं, पुढच्या सभेत तसं बोलले, तर मला मनापासून आनंद होईल आणि पुढचा विचार आपण नव्याने करू. त्यांनी टाळलं, चिडले किंवा तुमच्या विश्वासावरच बोट ठेवलं, तर तुम्ही आणि मुलांनी तिथे जाणं थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा काही काळ एकटा जाईल. जाऊ द्या, वाद घालू नका, घरची संध्याकाळची प्रार्थना मात्र एकत्र चालू ठेवा. औषध सोडल्याने सभेतल्या कोणाला गंभीर इजा झाल्याचं तुम्हाला कळलं, तर ती बाब प्रार्थनेपुरती ठेवू नका. त्या कुटुंबाला डॉक्टरांकडे आणि गरज पडली तर पोलिसांकडे जायला मदत करा.

राहिली सोडून गेलेल्यांच्या अपघाताची गोष्ट. ती तुमच्या मनात घर करून बसली आहे हे पत्रात दिसतं, दोनदा लिहिली आहेत. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात म्हटलं आहे की विनाकारण दिलेला शाप येऊन ठेपत नाही. ख्रिस्ताने आपल्याला शापातून सोडवलं असं गलतीकरांस पत्र सांगतं. गोव्याच्या रस्त्यांवर अपघात सभेला जाणाऱ्यांचेही होतात, त्यांची साक्ष कोणी व्यासपीठावर देत नाही एवढंच. शक्य असेल तर त्या कुटुंबाला जाऊन भेटा. अपघाताचं विचारा, आणि ते का सोडून गेले हेही विचारा. सभेत त्यांच्याबद्दल खूप बोललं गेलं आहे, त्यांचं स्वतःचं म्हणणं अजून तुम्ही ऐकलेलं नाही.